विश्लेषण : सायकलचे जनक हयातीत ‘वेडे’ का ठरले? बिनपेडलची गाडी बनवणाऱ्या कार्ल ड्राइस यांची गोष्ट

लहान मुलांसाठी हल्ली बिनपेडलची छोटी सायकल मिळते. मूल सीटवर बसते, दोन्ही पाय जमिनीला लावून गाडी पुढे रेटते आणि थोडा वेग आला की पाय उचलून घेते. पेडल मारायच्या आधी तोल सांभाळायला शिकता येते, म्हणून पालकही ती आवडीने घेतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र अशीच गाडी मोठ्या माणसांसाठी बनवण्यात आली होती. पॅरिस आणि लंडनमध्ये तिची क्रेझ आली, अनेक शहरांत तिच्यावर बंदी आली आणि ती बनवणारा माणूस कफल्लक अवस्थेत मरण पावला. त्या माणसाचे नाव कार्ल ड्राइस.

सायकलप्रेमींमध्ये एक वाद कायम रंगतो. पाठीवर रेलून चालवायची रिकम्बंट सायकल, पूर्ण आच्छादन असलेली वेलोमोबाइल, सामान वाहणारी लांबलचक कार्गो सायकल अशी काही वेगळी रचना समोर आली की पहिला प्रश्न येतो, हे रोजच्या वापरात चालेल का? एक जण वेगाचे आकडे मांडतो, दुसरा ट्रॅफिक, चढ आणि पार्किंगकडे बोट दाखवतो. आज ज्या सायकलला आपण ‘साधी’ म्हणतो, तिच्याही पूर्वजाला हाच प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर ‘नाही’ असे मिळाले होते. ते उत्तर कितपत बरोबर होते? ड्राइस यांच्या आयुष्यातून ते समजून घेऊया.

कार्ल ड्राइस कोण होते?

कार्ल ड्राइस यांचा जन्म २९ एप्रिल १७८५ रोजी कार्ल्सरूह येथे झाला. आजचा जर्मनी तेव्हा एक देश नव्हता. तिथे लहानमोठी अनेक संस्थाने होती आणि कार्ल्सरूह ही त्यातल्या बाडेन संस्थानाची राजधानी होती. ड्राइस घराणे सरदारांचे. त्यांच्या नावामागे बॅरनच्या दर्जाची पदवी होती. वडील बाडेनच्या न्यायखात्यात होते आणि पुढे ते संस्थानातील सर्वांत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी एक झाले.

मुलाला सरकारी नोकरीत लावायचे ठरले होते. काकांच्या वनशाळेत कार्ल यांनी वनशास्त्राचे शिक्षण घेतले. त्यानंतर १८०३ ते १८०५ या काळात हायडेलबर्ग विद्यापीठात स्थापत्य, शेती आणि भौतिकशास्त्र हे विषय अभ्यासले. मग ते बाडेनच्या वनखात्यात अधिकारी झाले.

नोकरी जंगलाची असली तरी डोक्यात यंत्रेच फिरत होती. १८११ च्या सुमारास ते मानहाइम शहरात राहायला आले. वनखात्याने त्यांना पगारी रजा दिली आणि त्यांचा पूर्ण वेळ नव्या कल्पनांवर जाऊ लागला. १८१२ मध्ये त्यांनी पियानोवर वाजवलेल्या पट्ट्यांची नोंद कागदावर उमटवणारे यंत्र बनवले. त्यानंतर ते वळले एका जुन्या प्रश्नाकडे. घोड्याशिवाय गाडी चालेल का?

पहिला प्रयोग चारचाकीचा

१८१३ मध्ये ड्राइस यांनी माणसाच्या पायांच्या जोरावर चालणारी चारचाकी गाडी तयार केली. गाडीत बसलेला एक जण पायाने यंत्रणा फिरवायचा आणि त्यातून चाकांना गती मिळायची. रशियाचा झार अलेक्झांडर पहिला हा बाडेनचा जावई. तो कार्ल्सरूहला आला असताना ही गाडी त्याला दाखवण्यात आली. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नवी वाटणी करण्यासाठी व्हिएन्नात राजे आणि मुत्सद्दी जमले, तिथेही ड्राइस आपली सुधारित चारचाकी घेऊन गेले.

कौतुक झाले, पण हाती काही लागले नाही. बाडेन सरकारने या गाडीसाठी पेटंटसारखे संरक्षण नाकारले. सरकारी तज्ज्ञांचा अभिप्राय प्रतिकूल होता.

हा अभिप्राय चुकीचा होता का? इथे तज्ज्ञांच्या बाजूनेही विचार करायला हवा. धडधाकट माणूस दीर्घकाळ साधारण शंभर वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बएवढी. त्यात चार लाकडी चाके, वजनदार सांगाडा आणि वर आणखी प्रवासी. तेव्हाच्या खडबडीत, चिखलाच्या रस्त्यावर चार चाके म्हणजे चार ठिकाणी अडथळा. यंत्रणेतल्या घर्षणात जाणारी शक्ती वेगळीच. घोडा जी गाडी सहज ओढतो, ती माणसाने पायाने ओढावी ही अपेक्षाच जड होती. ही गाडी व्यवहार्य नाही असे म्हणणारे त्या वेळी चुकले नव्हते.

ड्राइस यांचे वेगळेपण दिसते ते नकारानंतर. वजन कमी करायचे, चाके कमी करायची आणि मधली यंत्रणाच काढून टाकायची, या दिशेने ते गेले. चाराची दोन चाके झाली आणि तीही एकामागे एक.

‘उन्हाळा नसलेल्या वर्षा’चा संबंध काय?

एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणाच्या वरच्या थरात पसरले, सूर्यप्रकाश अडला आणि पुढच्या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. १८१६ हे वर्ष इतिहासात ‘उन्हाळा नसलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. दक्षिण जर्मनीत पिके बुडाली, धान्याचे भाव भडकले, लोक उपाशी राहू लागले. माणसांनाच अन्न नव्हते, तिथे घोड्यांना ओट कुठून घालणार?

जर्मन तंत्रइतिहासकार हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी या दुष्काळाचा आणि ड्राइस यांच्या दुचाकीचा संबंध जोडला. घोडा पोसणे परवडेनासे झाले, म्हणून घोड्याविना प्रवासाची गरज तीव्र झाली, असा त्यांचा सिद्धांत आहे. सर्वच अभ्यासक तो मान्य करत नाहीत. ड्राइस यांची चारचाकी तर दुष्काळाच्या आधीची होती. पण घोड्याचा खर्च हा त्या काळातला खरा प्रश्न होता, एवढे नक्की. घोडा उभा असला तरी खातो. आजच्या भाषेत सांगायचे तर इंधनाचे भाव वाढले की सायकलची आठवण येते, तसेच.

हे यंत्र नेमके कसे होते?

ड्राइस यांनी आपल्या दुचाकीला जर्मन भाषेत ‘लाउफमशीन’ म्हणजे पळण्याचे यंत्र असे नाव दिले. सांगाडा लाकडाचा. दोन्ही चाकेही लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव बसवलेली, आपल्याकडच्या बैलगाडीसारखी. चाकांचा व्यास साधारण ६९ सेंटिमीटर, वजन सुमारे २२ किलो. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या काळ्या दणकट सायकलीएवढेच. चाके सहज फिरावीत म्हणून आसाशी पितळी बुश होते. मध्ये गादी असलेली बैठक, समोर हात टेकवायला एक आडवी फळी, पुढचे चाक वळवायला दांडा आणि मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक.

पेडल नव्हते, चेन नव्हती. चालकाने बैठकीवर बसायचे आणि आळीपाळीने पाय जमिनीवर मारत पुढे जायचे.

पहिली शंका इथेच येते. पायानेच पळायचे तर गाडी कशाला? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. चालताना आपले शरीर प्रत्येक पावलागणिक थोडे वर उचलले जाते आणि खाली येते. प्रत्येक वेळी पाय शरीराचा भार पेलतात. वर उचलण्यात घातलेली सगळी शक्ती परत मिळत नाही. गाडीवर बसल्यावर हा भार चाकांवर जातो. पायांना फक्त मागे रेटा देण्याचे काम उरते. त्यात सपाट रस्त्यावर एका रेट्यात गाडी काही अंतर आपोआप पुढे जाते आणि उतारावर तर पाय उचलून नुसते बसून राहायचे. चालणाऱ्याला उतारावरही प्रत्येक पाऊल टाकावेच लागते.

दुसरी शंका तोलाची. दोन चाके एका रेषेत असताना माणूस पडणार नाही का? ड्राइस यांच्या रचनेतला कळीचा भाग हाच. पुढचे चाक वळवता येत होते आणि गाडी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाक वळवले की तोल सावरतो. शिवाय पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू वळण्याच्या अक्षाच्या थोडा मागे ठेवला होता. मॉलमधल्या ट्रॉलीची चाके ढकलल्यावर आपोआप सरळ होतात, त्याच तत्त्वाने हे चाक सरळ राहायला मदत व्हायची. सायकलच्या स्थैर्यामागे आणखीही कारणे आहेत, त्यावर आजही संशोधन चालू आहे. पण एकामागे एक दोन चाके, त्यांच्या मध्ये माणूस आणि वळणारे पुढचे चाक, ही आजच्या प्रत्येक सायकलची आणि मोटरसायकलची मूळ मांडणी तिथे पूर्ण झालेली दिसते.

१२ जून १८१७ रोजी काय घडले?

या दिवशी ड्राइस मानहाइममधून आपल्या दुचाकीवर निघाले. श्वेट्झिंगनच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर टपालगाड्यांचे घोडे बदलण्याचे एक ठाणे होते. तिथपर्यंत ते गेले आणि परत आले. जाऊन-येऊन साधारण १३-१४ किलोमीटरचे अंतर त्यांनी तासाभराच्या आत कापले. माणूस ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालतो, हे लक्षात घेतले तर हा वेग अडीच पटींहून जास्त होता.

ही वाट निवडण्यामागेही हिशेब दिसतो. तो परिसरातला उत्तम बांधलेला आणि जवळपास सपाट रस्ता होता. त्याच उन्हाळ्यात ड्राइस यांनी गेर्न्सबाख ते बाडेन-बाडेन अशी डोंगराळ भागातली सफरही करून दाखवली. सपाटीवरच नव्हे, घाटातही गाडी उपयोगी आहे, हे त्यांना दाखवायचे होते.

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनच्या ग्रँड ड्यूकने त्यांना या शोधाचे दहा वर्षांचे हक्क दिले. यांत्रिकीचे प्राध्यापक ही मानाची पदवीही मिळाली. वनखात्याच्या कामातून ते मोकळे झाले आणि वेतन चालू राहिले. अवघ्या बत्तीस वर्षांच्या माणसासाठी हे मोठे यश होते.

मग पैसा का मिळाला नाही?

कारण हे हक्क फक्त बाडेनपुरते होते. सीमा ओलांडली की कोणीही नक्कल करायला मोकळा. आणि नकला झपाट्याने झाल्या.

फ्रान्समध्ये १८१८ मध्ये ड्राइस यांच्या वतीने पेटंट घेण्यात आले. त्यात ‘व्हेलोसिपेड’ म्हणजे जलद पाऊल हे नाव वापरले गेले. त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत लोकांसमोर प्रात्यक्षिक झाले. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८१८ च्या अखेरीस आपल्या सुधारित आवृत्तीचे पेटंट घेतले. त्याने लोखंडी भाग वापरून गाडी अधिक डौलदार केली आणि १८१९ मध्ये तीनशेहून अधिक गाड्या बनवल्या. झग्यातल्या स्त्रियांना बसता यावे म्हणून खाली वाकवलेल्या सांगाड्याची आवृत्तीही काढली. लंडनच्या श्रीमंत तरुणांमध्ये तिची एवढी क्रेझ आली की लोक तिला ‘डँडी हॉर्स’ म्हणजे छानछोकी तरुणांचा घोडा म्हणू लागले. व्यंगचित्रकारांना तर आयताच विषय मिळाला. या विक्रीतला पैसा ड्राइस यांच्यापर्यंत आला नाही.

लोकांचे आक्षेप काय होते?

आक्षेप अनेक होते आणि सगळे निराधार नव्हते. चढावर गाडी ढकलत न्यावी लागे. बुटांचे तळवे लवकर झिजत. उतारावर वेग आवरणे कठीण जाई. लोखंडी धावेमुळे प्रत्येक दगडाचा दणका थेट अंगात बसे, कारण हवेचे टायर यायला अजून सत्तर वर्षे होती. तोल ही गोष्ट तर बहुतेकांसाठी अगदी नवी. सरदारी पोशाखातला माणूस रस्त्यावर पाय झाडत पळतोय, हे दृश्य अनेकांना हास्यास्पद वाटे.

पण खरा घात केला तो रस्त्याने. घोडागाड्यांच्या चाकांमुळे रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडत. दुचाकीचे पुढचे चाक अशा चाकोरीत अडकले की ते वळवता येत नाही आणि वळवता आले नाही की तोल जातो. मग चालक गुळगुळीत फूटपाथवर चढू लागले. तिथे पादचाऱ्यांशी टक्कर होऊ लागली.

शहरांनी यावर सोपा उपाय काढला, बंदी. मानहाइममध्येच फूटपाथवर ही गाडी चालवायला मनाई झाली. १८१८ मध्ये मिलान, १८१९ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क अशी बंदीची यादी वाढत गेली. ब्रिटिश अमलाखालच्या कलकत्त्यातही या गाडीवर बंदी आली. म्हणजे सायकलचा हा पूर्वज भारतात पोहोचला होता आणि आल्या पावली अडवलाही गेला होता.

रस्त्यावर चालवता येत नाही आणि फूटपाथवर चालवू देत नाहीत. गाडीच्या रचनेत दोष होतेच, पण ती सुधारायला जी काही वर्षे लागली असती, ती तिला मिळाली नाहीत. १८२० नंतर क्रेझ ओसरली.

एका खुनामुळे ड्राइस यांना देश का सोडावा लागला?

१८१९ मध्ये मानहाइममध्ये एक राजकीय खून झाला. कार्ल झांट या विद्यार्थ्याने आउगुस्ट फॉन कोत्सेबू या नाटककाराला भोसकून मारले. कोत्सेबू हे पुराणमतवादी आणि रशियाचे हस्तक मानले जात, तर झांट अनेक तरुणांच्या नजरेत हुतात्मा होता. १८२० मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्यासाठी दयेची मागणी झाली होती. ती फेटाळण्यात बाडेनच्या वरिष्ठ न्यायाधीशांचा म्हणजे ड्राइस यांच्या वडिलांचाही वाटा होता.

वडिलांवरचा राग मुलावर निघू लागला. झांटच्या समर्थकांनी कार्ल ड्राइस यांना ठिकठिकाणी छळले. अखेर १८२२ मध्ये ते ब्राझीलला निघून गेले. तिथे गेओर्ग हाइनरिख फॉन लांग्सडोर्फ या निसर्गअभ्यासकाच्या जमिनीवर त्यांनी भूमापक म्हणून काम केले. १८२७ मध्ये ते मानहाइमला परतले, तेव्हा गाडीचे दहा वर्षांचे हक्क संपायला आले होते.

आणखी काय काय बनवले?

ड्राइस यांचे डोके थांबले नव्हते. १८२१ मध्ये त्यांनी कळफलक असलेले टंकलेखन यंत्र तयार केले होते. ब्राझीलहून आल्यावर सोळा कळांचे लघुलेखन यंत्र बनवले. मांस बारीक करण्याचे यंत्र आणि कमी सरपणात अन्न शिजवणारी चूल हेही त्यांच्या नावावर आहे.

वडील १८३० मध्ये गेले आणि त्यानंतर त्यांचा आधार कमी होत गेला. १८३८ मध्ये त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्यातून वाचल्यावर ते ओडेनवाल्डच्या डोंगरांतील वाल्डकात्सेनबाख या खेड्यात जाऊन राहिले.

तिथे असताना १८४२ च्या सुमारास त्यांनी रेल्वेच्या रुळांवर पायाने चालवायची छोटी गाडी बनवली. हा प्रयोग विशेष लक्ष देण्यासारखा आहे. १८१३ ची चारचाकी रस्त्यावर फसली होती. रुळांवर मात्र खड्डे नाहीत, चाकोरी नाही, तोल सांभाळायची गरज नाही आणि लोखंडावर लोखंडी चाक फार कमी घर्षणात फिरते. रुळांवरच्या अशा छोट्या गाड्यांना अनेक युरोपीय भाषांत आजही ‘ड्रेझिन’ असे ड्राइस यांच्या नावावरून आलेले नाव आहे. भारतीय रेल्वेत रुळांच्या तपासणीसाठी अधिकारी ज्या पुश ट्रॉलीवर बसून जातात, ती याच कुळातली. चार चाके, माणसाचे बळ आणि योग्य रस्ता एकत्र आल्यावर तीच कल्पना कामाला आली.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८४५ नंतर ड्राइस कार्ल्सरूहला परतले. १८४८-४९ मध्ये जर्मन संस्थानांत लोकशाहीसाठी उठाव झाले. बाडेन त्यात आघाडीवर होते. चौसष्ट वर्षांच्या ड्राइस यांनी उघडपणे लोकशाहीची बाजू घेतली. मे १८४९ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केले की आपण सरदारकीची पदवी सोडत आहोत आणि यापुढे नागरिक कार्ल ड्राइस एवढीच आपली ओळख राहील.

काही आठवड्यांतच प्रशियाच्या सैन्याने बाडेनमधला उठाव चिरडला. जुनी सत्ता परत आली. ड्राइस यांना वेडे ठरवून डांबून ठेवण्याचे प्रयत्न झाले. उठावाच्या खर्चाची भरपाई म्हणून त्यांचे निवृत्तिवेतन जप्त करण्यात आले. ज्याला पगारी रजा देऊन सरकारने प्रयोग करू दिले, त्याच माणसाच्या तोंडचा घास सरकारने काढून घेतला.

१० डिसेंबर १८५१ रोजी कार्ल्सरूहमध्ये त्यांचे निधन झाले. जवळ पैसा उरला नव्हता. विक्षिप्त, अर्धवट डोक्याचा सरदार अशीच त्यांची प्रतिमा नंतर बराच काळ राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदपत्रांचा अभ्यास झाला, तेव्हा या बदनामीमागे राजकीय वैरही होते हे पुढे आले.

त्यांच्या अखेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तेव्हा एक लहान मुलगा वाढत होता, कार्ल बेंझ. याच मुलाने पुढे मानहाइममध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार बनवली आणि १८८६ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्या मोटारीची तारांची चाके सायकलच्या धर्तीची होती.

दुचाकी परत कशी आली?

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लावलेली दुचाकी आली. पियेर मिशो यांच्या कारखान्याने तिची विक्री सुरू केली. त्यानंतर तारांची चाके, मागच्या चाकाला चेन आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांचा हवेचा टायर, असे एकेक भाग जोडले गेले. दरम्यान शहरांतले रस्तेही सुधारले. ड्राइस यांच्या गाडीवरचे जवळपास सगळे आक्षेप एकेक करून निकाली निघाले. मूळ मांडणी मात्र तीच राहिली.

सायकलस्वारांना आपल्या पूर्वजाची आठवण झाली ती याच काळात. १८९१ मध्ये ड्राइस यांचे अवशेष कार्ल्सरूहच्या नव्या दफनभूमीत सन्मानाने हलवण्यात आले आणि १८९३ मध्ये शहरात त्यांचे स्मारक उभे राहिले. २०१७ मध्ये दुचाकीला दोनशे वर्षे झाली, तेव्हा जर्मनीने त्यांच्या यंत्राचे चित्र असलेले २० युरोचे नाणे काढले.

हाच वाद पुन्हा कधी झाला?

१९३० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांच्याबाबत जवळपास हेच घडले. त्यांनी पेडलवर चालणारी चारचाकी ‘व्हेलोकार’ बनवली होती. तिचे वळण घेताना अडचण येई, म्हणून त्यांनी जणू तिचे दोन भाग करून पाठीवर रेलून चालवायची दुचाकी तयार केली. चाराची दोन चाके, अगदी ड्राइस यांच्यासारखीच.

७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या सायकलपटूने या दुचाकीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. आधीचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून टिकून होता. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १९३४ मध्ये सायकलची व्याख्याच अशी केली की रेलून चालवायच्या गाड्या शर्यतीतून बाद झाल्या. मोशे त्याच वर्षी वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा त्यांच्या चारचाकी व्हेलोकारना फ्रान्समध्ये चांगली मागणी आली. जी गाडी शांततेच्या काळात खेळण्यासारखी वाटायची, ती टंचाईत कामाची ठरली. रेलून चालवायच्या, आच्छादन असलेल्या सायकलने २०१६ मध्ये अमेरिकेतील नेव्हाडात सपाट रस्त्यावर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. तीच गाडी आपल्या शहरातल्या सिग्नलवर, खड्ड्यांत आणि बसच्या शेजारी चालवणे मात्र अवघड आहे.

मग ‘व्यवहार्य’ कशाला म्हणायचे?

ड्राइस यांच्या गोष्टीत दोन नकार आहेत आणि ते सारखे नाहीत. चारचाकीला मिळालेला नकार यंत्रातल्या उणिवेमुळे होता. वजन जास्त, माणसाची ताकद कमी. तो मान्य करून ड्राइस यांनी रचना बदलली आणि त्यातूनच दुचाकी जन्मली. दुचाकीला मिळालेला नकार मात्र बराचसा चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यांमुळे, फूटपाथवरच्या बंदीमुळे आणि सीमेपाशी संपणाऱ्या हक्कांमुळे होता. पहिल्या नकाराने शोध पुढे गेला, दुसऱ्याने तो जवळपास चाळीस वर्षे मागे पडला.

म्हणून एखादी विचित्र दिसणारी सायकल पाहून मत बनवताना काही गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात. अडचण वजनात आणि यंत्रणेत आहे की रस्त्यात? ती वापरणारा कोण, एकटा नोकरदार, सामान वाहणारा विक्रेता की गुडघेदुखीमुळे साधी सायकल सोडलेला ज्येष्ठ नागरिक? चढ किती, ठेवायला जागा किती, दुरुस्ती करणारा मेकॅनिक जवळ आहे का? आणि नियम तिला रस्त्यावर जागा देतात का? यातला पहिला प्रश्न बनवणाऱ्याने सोडवायचा असतो. बाकीचे बरेचसे प्रश्न शहराने सोडवायचे असतात.

आपल्या शहरांत सायकल ट्रॅक अर्धवट सुटतात, त्यांवर दुचाकी आणि गाड्या उभ्या राहतात. अशा ठिकाणी साधी सायकलही अव्यवहार्य ठरते. त्यात दोष सायकलचा किती आणि रस्त्याचा किती, हे १८१९ मधल्या लंडनच्या फूटपाथवर विचारले गेले नाही. आता तरी विचारायला हरकत नाही.